बोलोन्याचे मनोरे: कलापेक्षा पायथ्याची काळजी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. बोलोन्यासारख्या शहरातले मध्ययुगीन मनोरे जपतात म्हणजे नेमकं काय करतात? तिथला गारिसेंदा मनोरा एवढा झुकलाय, तर पीसाच्या मनोऱ्यासारखा थोडा सरळ का करून टाकत नाहीत? आणि लोकांना वर सोडणं बंद झाल्यावर या मनोऱ्यांची प्रसिद्धी कशाच्या जोरावर करायची? माझं काम जुन्या दगड-चुन्याच्या इमारतींच्या दुरुस्तीचं, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर जास्त बोलेन. तिसऱ्यावर माझी मतं आहेत, तीही सांगते.

आधी ओळख. इटलीतल्या बोलोन्याच्या मध्यावर, पोर्ता राव्हेन्याना चौकात, दोन मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत. उंच तो असिनेल्ली: ९७ मीटर, आत लाकडी जिना, ४९८ पायऱ्या. परंपरेने त्याचं बांधकाम ११०९ ते १११९ मधलं मानतात. बुटका तो गारिसेंदा: ४८ मीटर. असिनेल्लीही ओळंब्यात नाहीच, त्याचा माथा सव्वादोन मीटर बाहेर गेलाय. पण लोक बघत राहतात ते गारिसेंदाकडे, कारण उंची निम्मी आणि माथा सव्वातीन मीटर बाहेर, म्हणजे चार अंशांच्या आसपास कल. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्याच्या नरकखंडात, खाली वाकणाऱ्या अंतेउस राक्षसाला याच मनोऱ्याची उपमा दिली: कललेल्या बाजूला खाली उभं राहून वर बघावं, वरून उलट दिशेने ढग सरकावा, आणि मनोराच अंगावर येतोय असं वाटावं. म्हणजे तेराशेच्या सुमारासही हा कल गावाच्या परिचयाचा होता.

हा कल गवंड्याच्या चुकीने आलेला नाही. भार चढत गेला तशी खालची जमीन एका बाजूला जास्त बसली. १३५० च्या दशकात, मूळचा मिलानच्या विस्कोन्ती घराण्याचा सुभेदार आणि पुढे शहराचा धनी झालेला जोव्हान्नी दा ओलेज्जो याच्या काळात वरचा सुमारे बारा मीटरचा भाग उतरवला गेला. लोक याला तोडफोड म्हणतात. मी त्याला या मनोऱ्यावरचं पहिलं संवर्धन म्हणेन. डोक्यावरचं ओझं उतरवणं हा साधा आणि खात्रीचा उपाय, आणि मनोरा आणखी साडेसहाशे वर्षं उभा राहिला त्यात त्याचा मोठा वाटा असणार.

आता एक ढोबळ हिशेब करू. पायथ्याची बाजू साधारण साडेसात मीटर. माथा सव्वातीन मीटर बाहेर, म्हणजे वजनाचा मध्य जमिनीवर उतरवला तर पायथ्याच्या मध्यापासून दीडेक मीटर सरकलेला. पायथ्याची कड मध्यापासून पावणेचार मीटरवर आहे. वजन अजून पायथ्याच्या आतच पडतं, त्यामुळे मनोरा आडवा होईल ही भीती पोस्टकार्डावरची. खरी अडचण वेगळी आहे. कललेल्या बाजूची भिंत आपल्या वाट्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भार घेते आणि समोरची बाजू अगदी हलकी होते. त्या जास्त दाबाच्या कोपऱ्यातला दगड आणि चुना आणखी किती वर्षं तग धरतील, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी भिंतीच्या आत काय आहे ते समजून घ्यावं लागतं. हे मनोरे बाहेरून भरीव दिसतात, पण भिंत तीन थरांची असते: बाहेर एक कवच, आत एक कवच, आणि मध्ये चुन्यात कालवलेले गोटे, दगडाचे तुकडे, विटांचा चुरा. बांधायला स्वस्त आणि झपाट्याने चढणारी पद्धत. चुना ताजा असताना तिन्ही थर मिळून भार घेतात. शतकं जातात, पाणी मुरतं, मधला चुना कमजोर होतो, भराव खाली बसतो. जुन्या गादीतला कापूस एका टोकाला जमावा आणि बाकी खोळ रिकामी राहावी तसं. मग सगळा भार कवचावर येतो. कवच बाहेर ढकललं जातं, भिंतीला पोट येतं, उभ्या बारीक भेगा पडतात. भिंतीत उभी भेग दिसली की माझा जीव वर येतो. आडवी भेग बऱ्याचदा जुन्या हालचालीची खूण असते. उभी भेग म्हणजे भिंत दाबाखाली फाटू लागली आहे.

असं फाटणं किती चोरपावलांनी येतं ते इटलीने पाव्हियात पाहिलं. १७ मार्च १९८९ च्या सकाळी तिथला ७८ मीटर उंच नगरमनोरा कोसळला आणि चार माणसं गेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हतं. अकराव्या शतकात सुरू झालेल्या बांधकामावर सोळाव्या शतकात वजनदार घंटाघर चढवलेलं होतं. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये ढिगाऱ्यातून उचललेल्या बांधकामाच्या तुकड्यांवर पुढे कसून चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा, की भार न वाढता, नुसता तोच भार शतकानुशतकं राहिल्यानेही बांधकाम हळूहळू चिरडत जातं आणि शेवटचा टप्पा अचानक येतो. जुन्या बांधकामाकडे बघण्याची आमच्या सगळ्या धंद्याची नजर त्या अभ्यासाने बदलली. ‘नऊशे वर्षं उभा आहे, आणखी शंभर राहील’ हे वाक्य तेव्हापासून जबाबदार माणसाच्या तोंडी शोभत नाही. पाव्हियाच्या दणक्यानंतर दहा महिन्यांत, जानेवारी १९९० मध्ये, पीसाचा मनोरा पर्यटकांना बंद झाला.

गारिसेंदाचं दुखणं यात आणखी एका कारणाने भर घालतं: पायथ्याचा दगड. बोलोन्याच्या दक्षिणेच्या टेकड्यांत जिप्समचे थर आहेत. तिथला चमकदार, स्फटिकांचा दगड, ज्याला सेलेनाइट म्हणतात, तो जवळ मिळायचा, सहज कापला जायचा, म्हणून बहुतेक मनोऱ्यांचं जोतं त्याचंच. वर वीट. आपल्याकडे किल्ल्यांचा काळा पाषाण बघत वाढलेल्या माणसाला हे पटकन झेपत नाही, पण हा दगड पाण्यात विरघळतो. एका लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम, हळूहळू, पण विरघळतो. त्याहून वाईट म्हणजे तो उष्णतेने बिघडतो. जिप्सम तापवलं की त्यातलं पाणी उडतं आणि उरतं ते पीओपी, ज्याच्या गणेशमूर्तींवरून दरवर्षी आपल्याकडे वाद होतो तेच. गारिसेंदाच्या पायथ्याशी एकेकाळी लोहारांच्या भट्ट्या होत्या, आगीही लागल्या. म्हणजे ज्या दगडाला सगळ्यात जास्त भार पेलायचा, त्यालाच आतून शेकलं गेलं. बाहेरून दिसणारे दगडही नीट पाहायला हवेत. गारिसेंदाच्या तळाला चढवलेलं सेलेनाइटचं आवरण बरंचसं नंतरच्या दुरुस्तीचं आहे. ते ठाकठीक दिसतं म्हणून आतलं बांधकामही तसंच असेल असं मानणं धोक्याचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गारिसेंदावरच्या उपकरणांनी नेहमीपेक्षा वेगळी हालचाल दाखवली. महापालिकेने मनोऱ्याभोवतीचा भाग बंद केला, वाहतूक वळवली, असिनेल्लीचा जिनाही बंद झाला. तज्ज्ञ समितीच्या अहवालाने परिस्थिती अतिशय नाजूक असल्याचं सांगितलं. चिंता होती ती तळाचं बांधकाम दाबाने चिरडलं जाण्याची. मग मनोऱ्याभोवती वजनदार भरावाने भरलेल्या लोखंडी कंटेनरांचं कुंपण आणि डोंगरात दरड अडवायला लावतात तशा जाळ्या उभ्या राहिल्या. या तटबंदीचा खर्च सुमारे ४३ लाख युरो. पुष्कळांना हे विचित्र वाटलं: मनोरा धरायचा सोडून पडलाच तर ढिगारा अडवायची सोय आधी? पण क्रम बरोबर आहे. आजूबाजूला राहती घरं आहेत, सान बार्तोलोमेओचं चर्च आहे, आणि हाताच्या अंतरावर असिनेल्ली आहे. शिवाय मनोऱ्याला हात लावायचा तर कामगारांना त्याच्या सावलीत पाठवावं लागतं. आधी माणसं सुरक्षित, मग दगड.

त्यानंतरचा टप्पा मनोऱ्याला बाहेरून आधार देण्याचा. त्यासाठी २०२४ मध्ये बोलोन्याने ठरवलं ते मला फार आवडलं: पीसाचा मनोरा धरून ठेवायला वापरलेले पोलादी सांगाडे आणि तारांची यंत्रणा गारिसेंदासाठी जुळवून घ्यायची. असली सामग्री नव्याने आखून बनवायला वेळ लागतो, आणि इथे वेळच नव्हता.

तुमचा दुसरा प्रश्न इथे येतो: पीसाचीच तार वापरायची तर पीसासारखं सरळ का नाही करायचं? पीसाचं दुखणं जमिनीत होतं. मऊ चिकणमाती, त्यात एका बाजूने खचणं. तिथे तिरक्या नळ्या घालून उत्तरेकडची, म्हणजे कलाच्या उलट बाजूची, माती थोडी थोडी काढली. मनोरा स्वतःच्या वजनाने मागे बसला, कल साधारण अर्ध्या अंशाने कमी झाला, आणि डिसेंबर २००१ मध्ये लोक पुन्हा वर जाऊ लागले. पण त्याआधी तिथेही पहिल्या मजल्याच्या बांधकामाला पोलादी ताणपट्टे आवळावे लागले होते, कारण भिंत फुटायची भीती पीसालाही होती. गारिसेंदात तर मुख्य रोगच भिंतीच्या तळात आहे. ठिसूळ झालेल्या तळाला वळवायला गेलात तर ज्या बाजूवर नवा भार येईल ती बाजू तो कसा घेईल याची हमी कोण देणार? आधी तळ भक्कम करायचा. कल कमी करायचा विचार त्यानंतर, आणि खरं सांगायचं तर गरज पडली तरच. गारिसेंदा सरळ झालेला पाहायची इच्छा मला बोलोन्यात कोणाची दिसत नाही.

तळ भक्कम करायचा म्हणजे मुख्यतः भरावातल्या पोकळ्या भरायच्या: बारीक भोकं पाडून, कमी दाबाने, पातळ मसाला आत सोडायचा. वाचायला सोपं वाटतं. या मनोऱ्यात मात्र साधं सिमेंट आत सोडणं म्हणजे विष पाजणं. जिप्सम म्हणजे सल्फेट. सिमेंटमधली अॅल्युमिनेटं, सल्फेट आणि ओल एकत्र आले की फुगणारे क्षार तयार होतात. भिंत आतून फुगते, आणि ज्या उभ्या भेगा बुजवायला गेलो त्याच रुंदावतात. काही हायड्रॉलिक चुनेही (म्हणजे पाण्यातही घट्ट होणारे) याच कारणाने बाद होतात. म्हणून मसाला आधी प्रयोगशाळेत त्याच दगडाच्या तुकड्यांबरोबर महिनोन्महिने ओला ठेवून पाहावा लागतो. त्यात पाणीही जपून वापरायचं, कारण दगड पाण्यात विरघळतो हे आपण आत्ताच बोललो. दाब जास्त झाला तर सुटं कवच बाहेर येईल, कमी झाला तर मसाला पोचणारच नाही. अशा कामात दिवसाला किती लिटर मसाला गेला याची नोंद मी स्वतः बघते. अंदाजापेक्षा फार जास्त गेला तर तो कुठे गेला हे कळेपर्यंत पंप बंद. घाई करणारा ठेकेदार इथे चालत नाही, आणि दर महिन्याला फोटोसाठी प्रगती मागणारा पुढारीही.

याबरोबर मोजणी चालूच राहते. मनोऱ्याच्या आत लांब लंबक, भेगांवर मापकं, कल मोजणारी यंत्रं, आणि बांधकामात सूक्ष्म तडे जाताना उठणारे आवाज टिपणारे सेन्सर. यातलं अवघड काम आकडे गोळा करण्याचं नाही, ते वाचण्याचं आहे. उन्हाने तापलेली बाजू प्रसरण पावते आणि मनोरा दररोज किंचित उन्हापासून दूर झुकतो, संध्याकाळी परत येतो. ऋतूंचं वेगळं चक्र. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं आणि परत येत नाही, ते खरं. म्हणून मोजणी किमान काही वर्षांची हवी. संकट आल्यावर बसवलेला सेन्सर पहिलं वर्षभर फक्त हवामान सांगतो.

भूकंपाबद्दल दोन ओळी. मे २०१२ मध्ये एमिलियात भूकंप झाला तेव्हा फिनाले एमिलियाचा घड्याळमनोरा उभा चिरला, अर्धा उभा राहिला आणि मागाहून आलेल्या धक्क्याने तोही गेला. आडव्या पोलादी ताण-सळ्या, ज्या चारही भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात, त्या या भागातल्या प्रत्येक मनोऱ्यात तपासून घ्याव्यात. तुलनेने स्वस्त काम आहे आणि कधीही टाळू नये.

आता प्रसिद्धी. बोलोन्याचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल: शेकडो मनोऱ्यांचं जंगल, मध्ययुगातलं मॅनहॅटन. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी गोझ्झादिनी यांनी जुनी खरेदीखतं चाळून १८० मनोरे मोजले. नंतरच्या अभ्यासकांना वाटतं की एकच मनोरा वेगवेगळ्या मालकांच्या नावाने पुन्हा पुन्हा मोजला गेला. आज ८० ते १०० हा आकडा धरतात, तेही सगळे एकाच वेळी उभे नसतील. दुकानात विकायला ते चित्र उत्तम, पण शहराने अधिकृत फलकावर ते लावू नये असं माझं मत. खरी गोष्ट पुरेशी रंजक आहे: सम्राट आणि पोप यांच्या भांडणात गावातली बडी घराणी फुटली, प्रत्येकाने आपल्या वाड्याशेजारी मनोरा चढवला, आणि नंतर सत्ता नगराकडे गेल्यावर हे मनोरे तुरुंग, दुकान, भाड्याची खोली असे वापरात आले. आज उरलेत ते साधारण वीसेक. गेलेल्यांतले काही तर विसाव्या शतकात गेले: पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रस्तारुंदीत आर्तेनिझी आणि रिक्कादोन्ना हे मनोरे पाडले गेले, दोन प्रसिद्ध मनोऱ्यांच्या अगदी जवळचे. शहराने स्वतःच्या हाताने पाडलेल्या या मनोऱ्यांच्या जागा फरसबंदीवर आखून दाखवाव्यात, असं मला फार वाटतं.

२०२३ पर्यंत बोलोन्याने मनोऱ्यांच्या पर्यटनाचं सगळं वजन एका जिन्यावर टाकलं होतं. असिनेल्ली चढा, फोटो काढा, उतरा. जिना बंद झाला आणि विकायला काही उरलं नाही अशी हवा तयार झाली. वास्तविक त्या मनोऱ्याचीच केवढी कहाणी आहे! सतराव्या शतकात रिच्चोली या जेझुइट शास्त्रज्ञाने त्याच्यावरून गोळे सोडून पडण्याचा वेग मोजला. १७९० च्या सुमारास गुल्येल्मिनी यांनी तिथूनच गोळे टाकून पृथ्वी फिरते याचा पुरावा शोधला: गोळा ओळंब्याच्या जागी न पडता किंचित पूर्वेला पडतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब कुठे पडले ते बघून मदत पाठवायला माणसं वर बसायची. विद्यापीठातल्या मुलांची समजूत अशी, की पदवीआधी जो असिनेल्ली चढेल त्याला पदवी मिळत नाही. यातलं काहीही सांगायला जिना उघडा असावा लागत नाही.

सान जिमिन्यानो हे उलट टोकाचं उदाहरण. तिथे चौदाच्या आसपास मनोरे उरलेत, १९९० पासून जागतिक वारसा, गाव सात-आठ हजार वस्तीचं, आणि दुपारी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. तिथे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते काम्पातेल्ली घराण्याचं घर. मनोऱ्यासकट ते वारसा जपणाऱ्या ‘फाय’ संस्थेकडे आलं आणि त्यांनी मनोऱ्यापेक्षा घर दाखवायला काढलं: त्या कुटुंबाचं फर्निचर, खोल्या, आणि मग मान वर करून मनोऱ्याचा पोकळ गाभा. माणूस चढत नाही, तरी मनोरा आतून पाहून बाहेर पडतो.

बोलोन्यातले बरेचसे मनोरे खासगी मालकीचे आहेत. प्रेंदिपार्ते हा साठेक मीटरचा मनोरा आता मुक्कामाची जागा आहे; एकेकाळी तो तुरुंग होता आणि कैद्यांनी भिंतीवर कोरलेलं अजून दिसतं. अशा मालकांना कायद्याने कोणतंही काम वारसा खात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नुसती परवानगीची पायरी दाखवून मनोरा टिकत नाही. वर्षातून एकदा छपराची पन्हळ साफ झाली का, भिंतीतल्या परांचीच्या जुन्या भोकांत कबुतरं आणि झुडपं शिरली का, दरजा कुठे उघड्या पडल्या, हे बघायला जाणकार माणूस पाठवणं महापालिकेने स्वखर्चाने करावं. वीस मनोऱ्यांचा हा वार्षिक फेरा त्या कंटेनरांच्या कुंपणाच्या खर्चापुढे किरकोळ पडेल.

पैशाची एक चांगली वाट इटलीत आहे. २०१४ च्या ‘आर्ट बोनस’ कायद्याने सार्वजनिक वारशाला दिलेल्या देणगीवर ६५ टक्के करसवलत मिळते, तीन वर्षांत विभागून. बोलोन्याच्या लोकांना देणगीची सवय आहे. सान लुकाच्या डोंगरावर जाणाऱ्या कमानींच्या दुरुस्तीसाठी २०१३-१४ मध्ये त्यांनी वर्गणी काढली होती आणि गारिसेंदासाठीही मोहीम निघाली. माझं म्हणणं एवढंच की देणाऱ्याला काम दिसलं पाहिजे. कुंपणावर मनोऱ्याचा रंगीत फोटो छापण्याऐवजी त्यावर खिडकी ठेवा, सेलेनाइटचा एक शेकलेला आणि एक धड तुकडा शेजारी शेजारी मांडा, लंबकाचा आजचा आकडा लावा, आठवड्यातून एकदा कामावरचा अभियंता अर्धा तास बोलू दे. मनोरा दुरुस्त होताना पाहणं हे वरून छपरं पाहण्यापेक्षा दुर्मीळ आहे, आणि ते काही वर्षंच मिळणार आहे.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर: कुंपणाशी आधी जा, कललेल्या बाजूने पाहा, पायथ्याचा दगड आणि वरची वीट कुठे मिळते ते शोधा. उंचावरून शहर बघायचं असेल तर सान पिएत्रो कॅथेड्रलचा घंटामनोरा आणि महापालिकेच्या वाड्याचा घड्याळमनोरा आहे. वेळा बदलतात, आधी चौकशी करा. घंटामनोरा चढताना भिंतीकडे लक्ष ठेवा. त्याच्या पोटात एक जुना मनोरा जसाच्या तसा ठेवून बाहेरून नवा बांधलाय, आणि दोन भिंतींच्या मधल्या फटीतूनच वाट वर जाते.